मदत हवी आहे: अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) २.८, पीएनआय (पोषणावरून पुढचा अंदाज देणारा आकडा) ३३.६. यावरून बाबांकडे किती वेळ आहे ते कळतं का?

नमस्कार. बाबा ६८ वर्षांचे. जठराचा कॅन्सर, चौथी स्टेज; यकृतात गाठी आहेत, पोटात थोडं पाणीही झालंय. दोन केमो झाल्या, तिसरी अशक्तपणामुळे पुढे ढकलली. चार महिन्यांत वजन ६१ वरून ५२ किलोवर आलंय.

परवाच्या रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन २.८, पांढऱ्या पेशी ६२००, त्यात लिम्फोसाइट १८ टक्के. वाचताना ओनोडेरा या जपानी सर्जनचं पीएनआयचं १९८४ चं सूत्र सापडलं: अल्ब्युमिनची दहापट, अधिक लिम्फोसाइटच्या संख्येला ०.००५ ने गुणून येईल ते. बाबांचे लिम्फोसाइट १११६, म्हणजे २८ अधिक ५.६, एकूण ३३.६. ४० च्या खाली वाईट, हे वाचल्यापासून झोप नाही. पण ती ४० ची रेघ मुळात ऑपरेशन पेलेल का हे ठरवण्यासाठी होती, आणि बाबांचं ऑपरेशन होणारच नाहीये. मग ती त्यांना कितपत लागू?

सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) ४२ आहे. तो १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली, म्हणजे ग्लासगो स्कोअर (या दोन आकड्यांवरून कॅन्सरच्या पेशंटचा पुढचा अंदाज बांधतात तो) २, सगळ्यात वाईट गट. शरीरात दाह असला की यकृत अल्ब्युमिनच कमी बनवतं, असंही वाचलं. म्हणजे हा आकडा फक्त खाण्याचा नाही ना? हे मला आईसाठी नीट कळायला हवंय. ती दर दोन तासांनी नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण घेऊन बसते. चार घोट गेले की बाबांना उलटी होते, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडते. तिला वाटतं तिच्याच भरवण्यात कमी पडलं. आत्या म्हणते, अल्ब्युमिनची बाटली चढवा. आकडा वर आला तर दिवस वाढतात, की नुसता रिपोर्ट सुधारतो?

दादा मस्कतला आहे, त्याला एकदाच मोठी सुट्टी मिळेल. आत्ता बोलावू की दिवाळीपर्यंत थांबू? डॉक्टरांना विचारलं तर “बघू, पुढच्या रिपोर्टनंतर” म्हणतात. त्यांना नेमकं काय विचारलं तर महिन्यांचा तरी अंदाज सांगतील? आतड्यात नळी घालून अन्न देणं या टप्प्यावर कुणाच्या घरी केलंय का, आणि त्याने माणसाला बरं वाटलं का?

ज्यांनी घरात हे पाहिलंय त्यांनी खरं असेल ते लिहा. वाईट असलं तरी चालेल.