शाळेत सगळ्याच मुलांचं कोलेस्टेरॉल तपासायचं, की अटॅक आलेल्या घरापासून सुरुवात करायची?

कृष्णाकाठ
आपल्याकडं चाळिशीतला माणूस अटॅकनं गेला की "तंबाखू होती, टेन्शन होतं" म्हणून विषय मिटतो. त्याच्या पोरांचं रक्त तपासावं हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: 9 ते 11 वर्षांच्या प्रत्येक मुलाची एकदा चाचणी व्हावी, तीही शाळेतच. फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे आईबापाकडून येणारा जास्त कोलेस्टेरॉलचा जनुकीय दोष, साधारण 250 माणसांत एकाला असतो, म्हणजे 500 पटाच्या शाळेत दोन मुलं धरा. यात यकृत रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) नीट उचलत नाही, ते जन्मापासून चढं राहतं. मूल सडपातळ, कबड्डी खेळणारं असतं. वरून काही दिसत नाही. अमेरिकेतल्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत याच वयाची सरसकट तपासणी आहे.

कराडचा बालरोग
आणि 2023 मध्ये तिथल्याच प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनं, म्हणजे कुठल्या तपासण्या कराव्यात ते सांगणाऱ्या तज्ज्ञांच्या गटानं सांगितलं की, सरसकट तपासणीच्या बाजूनं वा विरुद्ध बोलायला पुरावा अपुरा आहे. आपल्याकडं शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला जन्मजात हृदयदोषापासून दात-डोळ्यांपर्यंत सगळं बघायचं असतं. त्यावर प्रत्येकाचं रक्त कुठून काढणार?

55 च्या आत अटॅक आलेला पुरुष किंवा 65 च्या आतली बाई, इथून सुरुवात करा. उपचाराआधीचा रिपोर्ट मागा, कारण अटॅकनंतर एक-दोन दिवसांत एलडीएल खाली येतं आणि गोळ्या सुरू झाल्या की खरा आकडा झाकला जातो. तो 190 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; पुढचे आकडेही त्यातच) किंवा जास्त असेल तर सख्खी भावंडं आणि मुलं सगळी तपासा. दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. माणूस गेला असेल आणि रिपोर्टच नसेल, तर थेट मुलांचं रक्त घ्या.

तासगावची शाळा
डॉक्टर, पाचवीतल्या मुलाचा बाप पस्तिशीचा असतो. त्याला अटॅक अजून यायचाच आहे! मग घरचा इतिहास कोरा, मूल सुटलं. आजोळचं तर कुणी विचारतच नाही. शिवाय आपल्याकडं मामाची मुलगी करतात. दोन्हीकडून तोच दोष आला तर एलडीएल बऱ्याचदा 400 च्या वर जातं, कोपरावर, टाचेच्या शिरेवर पिवळट गाठी येतात आणि विशीच्या आत अटॅक येऊ शकतो. त्या गाठी कातडीचा आजार समजून मलम लावत बसतात.

मिरजेची लॅब
शाळेत करायचीच असेल तर उपाशी पोटाची अट नको, पोरं चक्कर येऊन पडतील. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा करा; 145 किंवा वर आलं तर उपाशी पोटी पूर्ण लिपिड, म्हणजे रक्तातल्या सगळ्या चरबीची तपासणी. उदा. एकूण 262, एचडीएल 46, म्हणजे 216. ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) 100 असेल तर त्याचा पाचवा भाग 20 वजा, एलडीएल 196. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे गणित चालत नाही, एलडीएल थेट मोजावं. नुकताच ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, आकडा खोटा कमी येतो. वयात येतानाही तो उतरतो, म्हणून नववी-दहावीपेक्षा पाचवी बरी.

कराडचा बालरोग
पाचवी मान्य. पण एका आकड्यावर शिक्का मारू नका. दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या अंतरानं पुन्हा करा. थायरॉइड आणि लघवीतलं प्रोटीन बघा, त्यांनीही एलडीएल चढतं. एलडीएल 190 च्या वर टिकलं, किंवा घरात लवकर अटॅक असून 160 च्या वर राहिलं, तर आहार सांभाळूनही साधारण 8-10 वर्षांपासून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) द्यायचा विचार होतो. नेदरलँड्समध्ये लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्यांचा 20 वर्षं पाठपुरावा झाला. वयाच्या 39 पर्यंत हृदयविकाराचा प्रसंग 1 टक्क्यात आला. त्यांच्याच दोषग्रस्त आईबापांत त्या वयापर्यंत 26 टक्क्यांत. मुलींना मात्र आधीच सांगावं लागतं, दिवस राहायच्या आधी गोळी थांबवायची असते.

माझी भीती वेगळी आहे. शिबिरात रक्त घ्यायचं, चिठ्ठी हातात द्यायची, घरचे पोराचं दूध-तूप बंद करणार आणि पुढची चाचणी कधीच होणार नाही.

कृष्णाकाठ
पाठपुरावा होणार नाही म्हणून तपासणीच नको, हे मला पटत नाही. नाव वहीत लागलं तर आशाताई घरी जाऊन आठवण तरी करतील. न तपासलेल्या पोराच्या घरी कोण जाणार?

कराडचा बालरोग
मग एका तालुक्यात दोन्ही करून बघा. एका शाळेत सगळ्यांचं रक्त, दुसरीत फक्त आई, बाप आणि आजोळ धरून विचारणा. वर्षानं मोजायचं ते एवढंच: किती मुलं दुसऱ्या चाचणीला आली.