वडिलांच्या पश्चात आईची फॅमिली पेन्शन: पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधारवर नाव वेगळे (ऐरोली)

ऐरोलीकर:
वडील तोफखान्यातून 1996 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. नंतर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत होते, तिथली ईपीएफची छोटी पेन्शनही यायची. गेल्या महिन्यात 73व्या वर्षी कळव्याच्या रुग्णालयात वारले. लष्करी पेन्शन स्पर्शवर (संरक्षण खात्याचे पेन्शन पोर्टल) आहे, खाते आईसोबत जॉइंट. वारल्यानंतरही एक पेन्शन जमा झाली आहे. पीपीओवर आईच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. जन्मतारीखही जुळत नाही. सुरुवात कुठून करू? दोन्ही पेन्शन मिळतात का?

नाशिकरोड_रेकॉर्ड:
जमा झालेल्या पैशाला आधी हात लावू नका. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन वडिलांची, दुसऱ्या दिवसापासून आईची. जादा गेलेली रक्कम सरकार वसूल करतेच, आणि ती खर्च झालेली असेल तर आईला मिळायच्या थकबाकीतून वळती होते.

मृत्यू कळव्यात झाला, म्हणून दाखला ठाणे महापालिकेचा. राहणे ऐरोलीला असले तरी नवी मुंबईचा नाही. दाखल्यावरचे वडिलांचे नाव पीपीओशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, कारण पुढे प्रत्येक टेबलावर हाच कागद लागतो.

मग स्पर्श पोर्टलवर मृत्यू कळवा. स्वतः जमत नसेल तर सीएससी (सामायिक सेवा केंद्र) किंवा बँकेतले स्पर्श सेवा केंद्र. सोबत पीपीओ, दाखला, आईचे आधार, पॅन, पासबुक. जॉइंट खाते चालते, नवे उघडायची गरज नाही.

खरी अडचण नावाची. आधार बदलून पीपीओशी जुळवायचा मोह होतो. कृपया तसे करू नका, पॅन आणि बँक दोन्ही बिघडतात. 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र करा, त्यात दोन्ही जन्मतारखाही लिहा. जन्मतारखेचा पुरावा आणि डिस्चार्ज बुकातले कुटुंबाचे पान जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत नाशिक रोडच्या तोफखाना रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. तिथून पार्ट टू ऑर्डर (नोंद बदलल्याचा लष्करी आदेश) निघते, मग प्रयागराजच्या लष्करी पेन्शन कार्यालयातून पीपीओ दुरुस्त होतो. जन्मतारीख किरकोळ समजू नका. 80व्या वर्षी मूळ फॅमिली पेन्शन 20 टक्के वाढते, ती याच तारखेवरून.

दर: वाढीव 50 टक्के दर पेन्शनर 67 वर्षांचा झाला असता तोपर्यंतच (किंवा मृत्यूनंतर 7 वर्षे, जे आधी संपेल ते). वडील 73चे, म्हणून साधा 30 टक्के. तो 1996च्या पगारावर मोजून घाबरू नका. ओआरओपीच्या (समान हुद्दा, समान सेवेला समान पेन्शन) तक्त्यात हुद्दा, ग्रुप आणि सेवेची वर्षे बघा. मूळ रक्कम किमान ₹9,000, वर महागाई भत्ता. वडिलांना डिसॅबिलिटी पेन्शन होती का? त्याच आजाराने मृत्यू झाला असेल तर 60 टक्क्यांची स्पेशल फॅमिली पेन्शन मागता येते. रुग्णालयाचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र जपून ठेवा.

वागळे_इस्टेट:
दोन्ही मिळतात. ईपीएस-95 मध्ये (ईपीएफची पेन्शन योजना) विधवेला सभासदाच्या पेन्शनच्या निम्मी, किमान ₹1,000. पण स्पर्शवर कळवल्याने ईपीएफओला काही कळत नाही, तिथे वेगळा अर्ज करावा लागतो. हयातीचा दाखलाही दोन पीपीओंसाठी दोनदा: लष्कराचा नोव्हेंबरात, ईपीएफओचा दिल्या तारखेपासून 12 महिने चालतो. जीवन प्रमाण (ऑनलाइन हयातीचा दाखला) भरताना पेन्शन देणारा विभाग चुकीचा निवडला तर दाखला भलतीकडे जातो आणि पेन्शन थांबते.

खारघर_से१२:
ऐरोली ठाणे जिल्ह्यात, म्हणून तुमचे सैनिक कार्यालय ठाण्याचे. (आम्हा खारघर, कामोठे, पनवेलकरांना रायगडचे, म्हणजे अलिबाग.) त्याच फेरीत आईचे सैनिक-विधवा ओळखपत्र करा. ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची आरोग्य योजना) वडिलांचे कार्ड बंद करून आईला मुख्य सभासद करा. कँटीन कार्डही तिच्या नावे घ्या. घर आईच्या नावावर झाले की महापालिकेत मालमत्ता करातील सवलतीचा अर्ज द्या. पेन्युरी ग्रँटमागे (गरजू माजी सैनिक व विधवांना मिळणारी मदत) वेळ घालवू नका, ती पेन्शन नसलेल्यांसाठी आहे.

ऐरोलीकर:
आईच्या आधारला वडिलांचाच मोबाईल नंबर जोडलेला आहे. चालेल?

नाशिकरोड_रेकॉर्ड:
नाही. आधी आधार केंद्रात तिचा स्वतःचा नंबर जोडा, मग बँकेत द्या. तोवर वडिलांचे सिम बंद करू नका. जुन्या खात्यांचे ओटीपी त्यावरच येतील.