राखीव पाणथळीला लागून कॅसिनो: हरकत कोणत्या मुद्द्यांवर घ्यावी?

प्रश्न (पाणवाट):
एका राखीव पाणथळ क्षेत्राच्या हद्दीला लागून असलेल्या खासगी जमिनीवर हॉटेल, सभागृहे आणि कॅसिनो असा एकत्रित प्रकल्प प्रस्तावित आहे. परिसरातील बहुतेक रहिवाशांचा त्याला विरोध असून सध्या हरकती नोंदवण्याची मुदत चालू आहे. आमच्यात मात्र दोन मते आहेत. काहींना जुगाराचे व्यसन, कर्जबाजारीपणा आणि कुटुंबांची होणारी वाताहत हाच मुख्य मुद्दा वाटतो, तर मला हिवाळ्यात तेथे उतरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची चिंता अधिक आहे. प्रकल्पाचे प्रवर्तक म्हणतात की संरक्षित क्षेत्रात एक वीटही रचली जाणार नाही, त्यामुळे निसर्गाच्या हानीचा प्रश्नच उद्भवत नाही. याला उत्तर काय द्यावे आणि हरकतीत नेमके काय मागावे?

उत्तर (रातवा):
हद्दीच्या आत वीट रचली जाणार नाही, हे खरे मानले तरी प्रकाश, आवाज आणि पाणी हद्द पाळत नाहीत. कॅसिनो रात्रभर चालतो आणि दुरून दिसावा अशाच बेताने उजळला जातो. त्यामुळे संध्याकाळी बंद होणाऱ्या एखाद्या कार्यालयापेक्षा त्याचा आघात वेगळा असतो, आणि हा फरक हरकतीत ठळकपणे यायला हवा. २०१९ च्या उन्हाळ्यात लास वेगासच्या दिव्यांकडे ओढले गेलेले नाकतोड्यांचे थवे हवामानाच्या रडारवर दिसले होते. एका रात्री त्यांची संख्या साडेचार कोटींच्या आसपास असावी, असा अंदाज संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात सोडल्या जाणाऱ्या प्रकाशझोतांचा अभ्यासही उपयोगी पडेल. सात रात्रींच्या निरीक्षणांवरून सुमारे ११ लाख पक्ष्यांवर त्या झोतांचा परिणाम झाला असावा, असे २०१७ मध्ये मांडण्यात आले. झोत बंद करताच पक्षी काही मिनिटांत पांगत, हेही त्याच अभ्यासात दिसले. म्हणून प्रस्तावात दिव्यांची दिशा, तीव्रता आणि ते मालवण्याची वेळ लेखी स्वरूपात दिली आहे का, हे प्रथम पाहावे. बहुधा त्याविषयी एखादे गुळमुळीत वाक्य असते.

पाण्याचा मुद्दा तितकाच गंभीर आहे. मोठ्या हॉटेलसाठी भूजलाचा सतत उपसा झाला तर उथळ पाणथळीची पातळी नेमकी कोरड्या महिन्यांत खालावते, आणि वाहनतळाच्या फरसबंदीवरून पावसाचे पाणी तेल व गाळ घेऊन वेगाने आत शिरते.

उत्तर (कांदळवन):
आपल्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे उदाहरण जपानमधील आहे. होक्काइडो बेटावरील तोमाकोमाई शहराजवळच्या जंगलपट्ट्यात कॅसिनोसह मोठे पर्यटन संकुल उभारण्याचा प्रस्ताव होता. जवळच उतोनाई सरोवर आहे. १९८१ मध्ये तेथे जपानच्या वन्यपक्षी संस्थेने आपले पहिले पक्षी अभयारण्य स्थापन केले आणि १९९१ मध्ये सरोवर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आले. शहराचे महापौर प्रकल्पाच्या बाजूने होते, तर पक्षीप्रेमी संघटनांचा विरोध होता. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये होक्काइडोचे गव्हर्नर नाओमिची सुझुकी यांनी या संकुलासाठी केंद्र सरकारकडे अर्ज न करण्याचा निर्णय जाहीर केला. त्या जागी दुर्मीळ प्राणी व वनस्पती असण्याची शक्यता मोठी आहे आणि उपलब्ध वेळेत पर्यावरणाचा पुरेसा अभ्यास होऊ शकत नाही, हे कारण त्यांनी दिले.

माझ्या मते आपल्या हरकतीचा कणा येथेच आहे. ‘प्रकल्प नको’ एवढेच लिहिले तर ती भावना म्हणून नोंदवली जाते आणि बाजूला ठेवली जाते. ‘सर्व ऋतूंमधील पाहणी झाल्याशिवाय परवानगी देऊ नये’ या मागणीला मात्र अधिकाऱ्यांना कारणासह उत्तर द्यावे लागते. प्रवर्तकांची पाहणी कोणत्या महिन्यांत झाली ते तपासा. हिवाळी पक्ष्यांच्या जागेची पाहणी उन्हाळ्यात केली असेल, तर त्या अहवालातील ‘पक्षी आढळले नाहीत’ या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. तसेच रस्ता रुंदीकरण, वीजवाहिनी, वाहनतळ आणि नंतरचे टप्पे हे सारे एकच प्रकल्प मानून तपासावे, अशी मागणी करा, कारण तुकडे पाडले की प्रत्येक तुकडा निरुपद्रवी दिसतो.

उत्तर (माळढोक):
पर्यायी जागेचा मुद्दा सोडू नये. कॅलिफोर्नियातील सॅन पाब्लो उपसागराच्या काठी सीअर्स पॉइंट येथे २००३ मध्ये ग्रॅटन रँचेरिया या आदिवासी समुदायाचा कॅसिनो प्रस्तावित होता. पर्यावरणवाद्यांच्या विरोधानंतर समुदायाने ती जागा सोडली. पुढे सोनोमा लँड ट्रस्टने ती जमीन मिळवली आणि २०१५ मध्ये तेथील जुना बांध फोडून भरतीचे पाणी पुन्हा आत घेतले. समुदायाचा कॅसिनो रोनर्ट पार्क या शहराजवळ २०१३ मध्ये सुरू झाला. तेथेही स्थानिकांचा विरोध झाला, हे सांगायला हवे. ज्यांना रोजगाराची आशा आहे ते आपले शत्रू नाहीत, आणि पाणथळीपासून दूरच्या जागेचा विचार झाला की नाही, हा प्रश्न त्यांनाही विचारता येईल.

पाणवाट:
तिघांचेही मनापासून आभार. पाहणीचे महिने आजच तपासतो. जुगाराच्या दुष्परिणामांचा मुद्दा मग वगळावा का? तो मांडणाऱ्यांची तळमळ खरी आहे.

उत्तर (कांदळवन):
वगळू नये, स्वतंत्र निवेदनात द्यावा. पर्यावरणविषयक परवानगी देणारी यंत्रणा व्यसनाचा विचार करायला सहसा बांधील नसते. तो विषय कॅसिनोचा परवाना देणाऱ्या यंत्रणेपुढे आणि लोकप्रतिनिधींपुढे न्यावा. दोन्ही निवेदनांवर सर्वांनी सह्या कराव्यात आणि दोन्हींच्या पोचपावत्या जपून ठेवाव्यात. हिवाळ्यातील पक्षीगणनेच्या जुन्या नोंदी कोणाकडे असतील, तर त्या तारखांसह मुदत संपण्यापूर्वी हरकतीला जोडा.