‘१९८८ पर्यंत कोणाला काय माहीत होतं?’ म्हणणाऱ्यांसाठी

तळटीप:
‘जुनेखोड’ यांनी काल लिहिलं की १९८८ मध्ये ‘नासा’चे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर बोलेपर्यंत तापमानवाढ कोणाच्या गावीही नव्हती, सत्तरच्या दशकात हेच शास्त्रज्ञ ‘हिमयुग येणार’ म्हणून ओरडत होते, त्यामुळे आता राजकारण्यांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

आधी ते हिमयुग. ‘न्यूजवीक’मधला १९७५ चा एक लेख किती वर्षं पुरवून खाणार? १९६५ ते १९७९ मधले शोधनिबंध २००८ मध्ये मोजून झालेत. थंडी वाढेल म्हणणारे ७, उष्मा वाढेल म्हणणारे ४४.

आता ‘माहीत नव्हतं’कडे. कार्बन डायऑक्साइड उष्णता धरून ठेवतो हे दाखवणारे शास्त्रज्ञ बघा: युनिस फूट १८५६, टिंडल १८५९, आणि त्याने पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडणारा अऱ्हेनियस १८९६. बरं, ही प्रयोगशाळेतली माणसं म्हणून सोडून देऊ. पण नोव्हेंबर १९६५ मध्ये विज्ञान सल्लागार समितीचा अहवाल थेट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याकडे गेला होता, त्यात कार्बन डायऑक्साइडवर स्वतंत्र परिशिष्ट होतं. त्याच महिन्यात अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष फ्रँक आयकार्ड यांनी आपल्याच वार्षिक सभेत या अहवालाचा दाखला देऊन वेळ संपत चालल्याचं सांगितलं. तेलवाल्यांना कळलं होतं आणि सरकारला नाही? बसतं का हे डोक्यात?

जुनेखोड:
नावांची माळ छान ओवलीत. पण अऱ्हेनियसला ही ऊब हवीहवीशी वाटत होती, हे सोयीस्कर गाळलंत. १९३८ मध्ये तापमानवाढ दाखवणारा ब्रिटिश अभियंता गाय कॅलेंडरसुद्धा शेतीला फायदा होईल, हिमनद्या परत येणार नाहीत म्हणून खूश होता. याला इशारा म्हणायचं असेल तर मग लग्नपत्रिकेलाही नोटीस म्हणा.

आणि ते ६५ चं परिशिष्ट वाचलंय का तुम्ही? त्यात सुचवलेला उपाय असा: समुद्रावर प्रकाश परतवणारे कण पसरा, खर्च वर्षाला सुमारे ५० कोटी डॉलर. कोळसा-तेल कमी जाळा, हे कुठेच नाही. माझं आयुष्य सरकारी फायलींत गेलं. ज्या टिपणीत ‘काय करावे’ ते लिहिलेलं नसतं, ती ढिगाच्या तळाशी जाते. त्यात कट नसतो, कोणी खलनायक नसतो. सही करणाऱ्यापुढे सही करण्यासारखं काही असावं लागतं.

शीतलछाया:
खोडकाका, फायलीचं राहू द्या. चार्ल्स केलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला आणि १९६४ मध्ये पैशांअभावी मोजणी काही महिने बंद पडली. तो खंड आलेखात आजही दिसतो. ‘अजून पुरावा आणा’ म्हणायचं आणि पुरावा गोळा करणाऱ्याची थैली आवळायची. माझ्या मार्गदर्शकांच्या प्रकल्पाचं डिट्टो हेच झालं होतं, म्हणून जास्त झोंबतं.

उंटावरचा शहाणा:
तुम्ही सगळे जिमी कार्टरला विसरताय. त्या एकट्या माणसाने १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छतावर सौर पॅनेल बसवली. १९८६ मध्ये रेगनच्या कारकिर्दीत ती उतरवली. जगाचं चाक उलटं फिरलं ते तिथे.

बॉयलरवाला:
ती पॅनेल पाणी तापवायची हो! विजेचा एक बल्बही त्यांवर लागत नव्हता. ३२ पॅनेल आणि जगाचं चाक?

शिवाय याच कार्टरने एप्रिल १९७७ च्या भाषणात कोळशाचं उत्पादन दोन तृतीयांशाने वाढवून वर्षाला १०० कोटी टनांच्या वर न्यायचं लक्ष्य जाहीर केलं. जुलैत त्याच्याच विज्ञान सल्लागाराने, फ्रँक प्रेसने, जीवाश्म इंधनांमुळे हवामानावर भयंकर संकट येऊ शकतं असं टिपण दिलं. त्याला कार्टरचा ऊर्जा सल्लागार जेम्स श्लेसिंजर याने शेरा जोडला: धोरणाच्या दृष्टीने हे अजून फार अनिश्चित आहे, राष्ट्राध्यक्षांनी लक्ष घालण्याइतकं नाही. आणि हेच गृहस्थ पुढच्या महिन्यात पहिले ऊर्जामंत्री!

अशा शेऱ्यांवर मी नोकरी काढलीय. बॉयलरची ट्यूब पातळ झाल्याचं जाडीच्या मोजमापासकट लेखी दिलं होतं. ‘पुढील शटडाउनमध्ये पाहू.’ शटडाउनच्या आधीच ट्यूब फुटली. चौकशीत पहिला प्रश्न मलाच: तुम्ही पुरेशा ठामपणे का सांगितलं नाही? खोडकाकांचं वरचं वाचून तेच साहेब आठवले.

जुनेखोड:
वैयक्तिक होऊ नका. आणि तुमची ट्यूब म्हणजे पृथ्वी नव्हे.

उंटावरचा शहाणा:
कोळसा का वाढवायचा होता, ते सांगा ना. १९७३ च्या तेलबंदीने नाक दाबलं होतं म्हणून! पंपावर रांगा लागलेल्या माणसाला कोण सांगणार की शंभर वर्षांनी गरम होईल? कीबोर्डवर बसून कार्टरला शिव्या घालणं सोपं आहे.

अणुरेणू:
एवढा गळा काढताय आणि अणुऊर्जेचा ‘अ’सुद्धा नाही. फ्रान्सने १९७४ मध्ये ठरवलं आणि ऐंशीचं दशक सरताना तिथली सुमारे तीन चतुर्थांश वीज अणूची होती. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या १९७९ मधल्या अणुभट्टी अपघातानंतर मोर्चे काढणारे कोण होते? तुमचेच पर्यावरणवाले. अर्धं पाप त्यांच्या माथी.

शीतलछाया:
आले! नव्या अणुभट्ट्यांच्या ऑर्डरी अपघाताआधीच आटल्या होत्या. खर्च फुगले, विजेची मागणी अंदाजाइतकी वाढली नाही. आणि फ्रान्सने ते तेलापायी केलं, हवामानापायी नव्हे.

अणुरेणू:
कशापायी का असेना, केलं ना? तुमचे शुद्ध हेतू आणि कोळशाचा धूर तुम्हालाच लखलाभ.

बॉयलरवाला:
यावर मात्र अणुरेणूंना अर्धा गुण. पूर्ण नाही.

तळटीप:
अणूचा आखाडा दुसरीकडे मांडा, हात जोडतो. खोडकाका, कणांचा मुद्दा खरा आहे, द्यावा लागतो. पण मग १९८८ नंतरचं बोला! जून ८८ च्या टोरोंटो परिषदेत ‘काय करावे’ स्वच्छ लिहिलं होतं: २००५ पर्यंत उत्सर्जन २० टक्क्यांनी कमी करा. थोरल्या बुशने प्रचारात हरितगृह परिणामाला ‘व्हाइट हाउस परिणामा’ने उत्तर देऊ म्हटलं. नोव्हेंबर ८९ मध्ये नेदरलँड्समधल्या नूर्डवाइकला हवामान परिषदेसाठी देशोदेशीचे मंत्री जमले, उत्सर्जन नुसतं गोठवायचं होतं. तिथे बुशचा चीफ ऑफ स्टाफ जॉन सुनुनू याच्या दबावाखाली अमेरिकेने पाय मागे घेतला. ब्रिटन, जपान, सोव्हिएत संघ मागे उभे. सही करण्यासारखं समोर होतं. सही कुठाय?

जुनेखोड:
नूर्डवाइकचं घ्या तुम्हाला, बक्षीस म्हणून. १९९७ मध्ये सिनेटने क्योटो हवामान कराराच्या आधीच तसल्या कराराला नकार देणारा ठराव ९५ विरुद्ध शून्यने केला, तोही घ्या, नाहीतर उद्या त्याचा आणखी एक धागा काढाल. पण ती शून्य बघा. डेमोक्रॅटही त्यातच होते. फक्त रेगन-बुशला धरू नका.

६५ चं मी सोडत नाही.

अणुरेणू:
आणि फ्रान्सला अजून कोणीही उत्तर दिलेलं नाही.