पर्मेथ्रिन लावूनही उवा परत का होतात?

कोथरूडकर_आई: मुलगी दुसरीत आहे. १ टक्का पर्मेथ्रिन एकदा लावलं, आठवड्याने पुन्हा उवा दिसल्या. औषध खोटं का? लिखा आणि कोंडा ओळखायचा कसा?

औषधवाला_पेठेतला: औषध खोटं असेलच असं नाही. पर्मेथ्रिनने सगळ्या लिखा मरत नाहीत, त्या ७ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या दिवशी दुसरा हात हवाच. आधी साध्या शाम्पूने धुवा, कंडिशनर नको (त्याच्या थरामुळे औषध केसाला धरत नाही). टॉवेलने टिपून ओलसर केसांना मुळापासून लावा, १० मिनिटांनी धुवा. पुढचे एक-दोन दिवस शाम्पू टाळा. दोन महिन्यांखालच्या बाळाला हे लावू नका.

फणी_ताई: कोंडा फुंकरीने उडतो, लीख केसाला चिकटून बसते, नखाने ओढावी लागते. कानामागे आणि मानेवर आधी बघा. नक्की करायचं तर औषध नसेल त्या दिवशी ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवा, दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसा. हलणारी ऊ दिसली तरच उपचार. नुसत्या लिखा जुन्याही असतात. अशी फणी दर तीन-चार दिवसांनी फिरवा, दोन आठवडे. घरातल्या सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासा, आजीचंसुद्धा.

औषधवाला_पेठेतला: आणि रॉकेल कृपा करून नकोच, भाजतं, पेट घेतं.

कोथरूडकर_आई: गाद्या, उशा?

फणी_ताई: डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांत मरते. अभ्रे, टॉवेल गरम पाण्यात धुवा. घरभर फवारणी नको.