जुलैत एकटीने पन्हाळा ते पावनखिंड, कोणी केलंय का?

ओलीसॅक: नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं ट्रेक करतेय पण कायम ग्रुपसोबत. यंदा पन्हाळा ते पावनखिंड एकटीने चालायचं डोक्यात घेतलंय, मोहिमांची गर्दी ओसरली की म्हणजे जुलैच्या शेवटी. दोन दिवस, मधे करपेवाडीत मुक्काम. अंतराचं टेन्शन नाही, पन्नासेक किमी पाय ओढतील. भीती आहे ती धुवाधार पावसात एकटं असण्याची. नक्की कुठे फसायला होतं?

घाटवेडा: मसाई पठार. बाकी सगळं नंतर. मी एकटाच होतो, धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसेनात, त्यात गुरांच्या वाटा चारी दिशांना फुटलेल्या, तास-दीड तास चालून परत त्याच डबक्यापाशी आलो, माझेच बूट चिखलात उमटलेले. आधी वाटलं कोणीतरी पुढे गेलंय, बरं वाटलं, मग ट्यूब पेटली 😅 ट्रॅक ऑफलाइन डाउनलोड कर, पण ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही हे लक्षात ठेव, साधं होकायंत्र गळ्यात असू दे. आणि पोंचो नको, पठारावरच्या वाऱ्यात त्याचं शीड होतं. जॅकेट घाल, सॅकच्या आत मोठी प्लास्टिकची पिशवी, रात्रीचे कपडे त्यात. रेनकव्हरवर भरवसा ठेवून मी ओल्या स्लीपिंग बॅगमधे कुडकुडत रात्र काढलीये, आणि ती पण जुलैत, डिसेंबरात नाही. जीन्स, कॉटन घरीच ठेव.

बांधावरचा: ताई मी तिकडचाच. वाड्यांपर्यंत काय बी होत नाही, खोतवाडी मांडलाईवाडी आंबेवाडी कुठं बी दार वाजवा, चहा देतील. पाटेवाडीच्या पुढं म्हसवड्यापर्यंत जंगल लय दाट, तिथं दुपारी तीनच्या आत पोचा, ढगात लवकर अंधारतंय. गवा दिसला तर थांबायचं, त्याला वाट द्यायची, फोटो काढायला पुढं जायचं नाही. ओढ्याचं पाणी गढूळ होऊन काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला की समजायचं वर पाऊस कोसळतोय, गुडघाभर दिसलं तरी उतरायचं नाही. तास दोन तास बसा, आमचे ओढे चढतात तसे उतरतात पण. आणि लावणीचे दिवस असतात, बांध तुडवू नका, लोक चिडतात, बरोबरच आहे त्यांचं.

सुट्टीवाला: महाराज १२ जुलै १६६० च्या रात्री याच वाटेने निघाले तर सोबत सहाशेएक मावळे होते. आणि तुला एकटीला जायचंय. ग्रुप शोध.

ओलीसॅक: @सुट्टीवाला त्यांच्या मागे सिद्दी जौहरची फौज होती, माझ्या मागे फक्त आई आहे, ती पण फोनवर. @घाटवेडा विजांचं काय? पठारावर झाड पण नाही म्हणतात.

घाटवेडा: झाड नाही ते बरंच, एकट्या झाडाखाली थांबणं जास्त वाईट. भर जुलैत विजा कमी असतात, खरा कडकडाट वळवात नाहीतर परतीच्या पावसात. तरी चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोज, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर पठार सोडून खाली उतर, मंदिरासाठी वगैरे थांबू नकोस. काठी टोकदार धातूची असेल तर बाजूला टाक आणि पाय जुळवून उकिडवी बस, आडवी पडू नकोस. आईला वेळ सांगताना दोन तास वाढवून सांग, रेंज नसते आणि मग त्या पोलिसांना फोन करतात, अनुभव आहे.

ओलीसॅक: 😂 ठरलं मग. पठारावर पोचेपर्यंत धुकं दाट असेल तर पन्हाळ्यालाच परत, एसटी पकडून घरी. जळवांना मीठ की तंबाखू?

बांधावरचा: तंबाखूची पुरचुंडी कापडात बांधून भिजवा आणि मोज्याला चोळा. मीठ पावसात टिकत नाही ओ. तरी चार-दोन चिकटणारच. आणि करपेवाडीला आधी कुणाला तरी फोन करून ठेवा, शाळेत झोपायचं असलं तरी चावी कुणाकडं असती ते विचारावं लागतं.