पंचेचाळिशीनंतर चेहऱ्याला काय लावावं आणि कोणत्या क्रमानं?

निरभ्र: वय ४६, त्वचा कोरडी. कपाळावर आडव्या रेषा, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, गालांवर तपकिरी डाग. रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड आणि ग्लायकोलिक ॲसिड अशी चार सीरम समोर आहेत. एकत्र लावायची की वेगवेगळी? सुरुवात कशानं करू? कोलॅजेनच्या क्रीमचा उपयोग होतो का?

पाणकळा: चारांपैकी एकही बाटली उघडण्याआधी सनस्क्रीन. वयामुळे आल्या असं वाटणाऱ्या बऱ्याच खुणा उन्हाच्या असतात. दंडाची आतली बाजू, जिथे ऊन लागत नाही, ती गालाशी ताडून बघा, फरक लगेच दिसेल. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर इथे ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षं चाचणी झाली होती. त्वचेच्या वार्धक्याबद्दलचे तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. मर्जीनुसार सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या तुलनेत रोज लावणाऱ्यांत त्वचेचं वार्धक्य २४ टक्के कमी आढळलं.

गडबड होते ती मात्रेत. एसपीएफचा, म्हणजे सनस्क्रीन किती संरक्षण देतं याचा आकडा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो, आणि बहुतेक लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा काढा. एवढं चेहरा आणि मानेला लागतं. एकदम लावून पांढरट दिसत असेल तर एक रेघ लावा, ती मुरली की दुसरी. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घरात खिडकीशी बसत असाल तरी लावा, कारण सुरकुत्या पाडणारे उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण साध्या काचेतून आत येतात. गालावर डाग आहेत म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत सनस्क्रीन घ्या. दृश्य प्रकाशानंही डाग गडद होतात आणि बिनरंगाचं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

तिसरा_प्रहर: सुरकुत्यांवर सर्वांत भक्कम पुरावा रेटिनॉइडचा (व्हिटॅमिन ए गटातली द्रव्यं, रेटिनॉल त्यातलंच) आहे, म्हणून सनस्क्रीननंतर रेटिनॉल. बाकीच्या तीन बाटल्या निदान सहा आठवडे बाजूला ठेवा. सगळं एकदम सुरू केलं आणि चेहरा लाल झाला तर दोष कोणाचा हे कळणारच नाही. शिवाय सावळ्या त्वचेवर असा दाह डाग मागे ठेवून जातो, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला तेच वाढतं.

०.२ ते ०.३ टक्के रेटिनॉल पुरे. रात्री सौम्य क्लेन्झरनं चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, दहा-पंधरा मिनिटं तरी. ओलसर त्वचेत ते जास्त शिरतं आणि जळजळतं. मग वाटाण्याएवढं घेऊन कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरा. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडा, सोलपट पहिल्यांदा तिथेच निघतं. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, सोसलं तर एक रात्र आड, त्यानंतर रोज. तुमची त्वचा कोरडी आहे, तेव्हा आधी मॉइश्चरायझर, त्यावर रेटिनॉल, वर पुन्हा मॉइश्चरायझर असे थर द्या. असर थोडा मंद होईल, पण मध्येच सोडून देण्यापेक्षा ते परवडलं. सुरकुत्यांत फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गर्भारपणात कोणतंही रेटिनॉइड नको. चेहऱ्याचं व्हॅक्सिंग करायचं असेल तर आठवडाभर आधी थांबवा, नाहीतर कातडी सोलून निघते.

पाणकळा: सहा आठवडे सगळंच बाजूला ठेवायला माझी हरकत आहे. ४ ते ५ टक्क्यांचं नायसिनामाइड सहसा सौम्य असतं, त्वचेचं आवरण मजबूत करतं आणि डागांवरही चालतं. ते सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून आणलं तर रेटिनॉल सोसायला मदतच होईल. त्वचेचा वरचा मृत थर काढणारं ग्लायकोलिक बाजूला ठेवण्याबद्दल मात्र सहमत. आलंच तर शेवटी, आणि रेटिनॉल नसलेल्या रात्रीच.

तिसरा_प्रहर: नायसिनामाइडचं मान्य, फक्त ५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. १० टक्क्यांनी काहींचा चेहरा तापून लाल होतो.

व्हिटॅमिन सी तिसऱ्या महिन्यात, सकाळी सनस्क्रीनच्या आधी. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड (व्हिटॅमिन सीचं शुद्ध रूप) १० ते २० टक्के आणि पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं जास्त आम्ल) ३.५ च्या खाली असेल तरच ते त्वचेत नीट शिरतं. सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक ॲसिड असेल तर जास्त टिकतं. मुळात बिनरंगी असलेलं द्रावण गडद पिवळं किंवा तपकिरी झालं की टाकून द्या. लिंबाचा रस हा त्याला पर्याय नाही. त्याची आम्लता त्वचेला जाळते आणि उन्हात गेल्यावर काळे चट्टे उठू शकतात.

कोलॅजेन हे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, पण त्याचा रेणू त्वचेतून आत जाण्याइतका लहान नसतो. ते क्रीम वरून ओलावा धरून ठेवतं, बस. ग्लिसरीन आणि सिरॅमाइडचं (त्वचेच्या आवरणातला स्निग्ध घटक) साधं मॉइश्चरायझर तेच काम करतं, चेहरा किंचित ओला असताना लावलं तर जास्तच चांगलं. रेटिनॉलच्या रात्री मात्र कोरड्या चेहऱ्यावर.

निरभ्र: रेटिनॉलनं चुणचुण झाली तर किती चालवून घ्यायची? आणि मानेला तेच लावू का?

तिसरा_प्रहर: दोन-चार मिनिटांची चुणचुण आणि हलका कोंडा चालतो. दुसऱ्या दिवशी साधं मॉइश्चरायझरही झोंबलं, लाली उतरली नाही किंवा सूज आली तर सगळं बंद. फक्त क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. पूर्ण शांत झाल्यावर पुन्हा आठवड्यातून एका रात्रीपासून. आठवडाभरात उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मान चेहऱ्यापेक्षा नाजूक असते. चेहरा महिनाभर बिनतक्रार राहिला की मग मानेला आठवड्यातून एकदा, मॉइश्चरायझरमध्ये मिसळून.